बनात ठेवलेले खुंटे

आमच्या गावाला रेल्वे हवी होती, हे आधीच सांगून टाकते. आता जो तो असं बोलतो की रेल्वे कुठून तरी परमुलखातून आली आणि आमच्या बनात घुसली. तसं नव्हतं. आष्टीच्या बाजारात भाषण करणारा कुठल्याही पक्षाचा असो, शेवटी रेल्वेवर येऊन थांबायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. माझी माय तर टाळ्या थांबल्यावरही हात जोडून उभी राहायची, आणि मला तिची लाज वाटायची. सगळ्या तालुक्याला रेल्वे कशासाठी हवी होती हे ज्याचं त्याला ठाऊक. मायला ती एका माणसासाठी हवी होती.

बन म्हणजे गावाच्या उगवतीला डोंगराच्या उतरणीवर असलेली झाडी. भोवताली सगळं बोडकं माळरान, कुसळ आणि खुरट्या बाभळी. त्यात हेच तेवढं हिरवं. धावडा होता, अंजन, बेल, भोकर, हिवर, आणि नाव कुणालाच माहीत नसलेल्या वेली. मधोमध एक वड. त्याच्या पारंब्या जमिनीत उतरून त्यांचेच बुंधे झाले होते, त्यामुळे मूळ झाड कुठलं हे सांगता यायचं नाही. वडाखाली शेंदूर लावलेला एक धोंडा, तीच देवी. पायथ्याशी एक झरा होता, उन्हाळ्यातही त्याच्यात घागर भरायची. मात्र घाई असेल त्यानं तिथं पाण्याला जाऊ नये.

बनातलं पान तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत. त्याहून कडक नियम म्हणजे बनाला कुणी 'आमचं' म्हणायचं नाही. म्हटलं की त्याच्या घराला उतरती कळा लागते म्हणत. बौद्ध वस्तीतल्या लोकांनी देवीला हात जोडणं केव्हाच सोडलं होतं, पण बनाला कुऱ्हाड त्यांनीही लावली नाही. त्या वस्तीतले एक निवृत्त गुरुजी रोज संध्याकाळी बनाकाठी फिरायला यायचे. विचारलं तर म्हणायचे, मी देवीसाठी येत नाही, सावलीसाठी येतो. सावली मात्र ते देवीच्याच वडाची घ्यायचे.

आणि खुंटे. दिवाळी झाली की आमचं गाव ऊस तोडायला जातं. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. मुकादमाचा ट्रक येण्याआधी प्रत्येक जोडी आपल्या घरातल्या जात्याचा खुंटा उपटायची, दोघांनी मिळून धरून बनात न्यायची आणि वडाच्या बुंध्यांमधल्या खोबणीत ठेवायची. खुंटा काढला की जातं मुकं, जातं मुकं की घर बंद. मग ते घर देवीनं सांभाळायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आल्यावर दोघांनीच जाऊन दोघांच्या हातानं तो काढायचा. एकट्यानं काढायचा नाही, दुसऱ्याच्या खुंट्याला तर बोटही लावायचं नाही. पीठ गिरणीवर दळायला लागलो तरी डाळ भरडायला आणि लग्नाची हळद दळायला जातं लागायचंच, त्यामुळे रीत टिकली. चोर आला तरी दळून खाणार नाही, एवढाच तिचा उपयोग, असं पोरं म्हणायची. पण बायको मिळाल्यावर तीच पोरं खुंटा घेऊन बनाकडे निघायची.

मी लहान असताना एका दुष्काळी साली ज्वारी गुडघ्याच्या वर आलीच नाही. उसाला गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ऐन निघायच्या वेळी मला गोवर निघाला. माय माझ्यापाशी राहिली. दादा, म्हणजे माझे वडील, एकटेच टोळीबरोबर गेले, अर्धा कोयता म्हणून. जाताना दोघांनी मिळून खुंटा ठेवला. मी तापात होते, मला त्यातलं काही आठवत नाही. मायनं इतक्या वेळा सांगितलंय की आता आठवल्यासारखं वाटतं.

टोळी परत आली तेव्हा दादा त्यांच्यात नव्हते. परतीच्या वाटेवर एका रेल्वे फाटकापाशी ट्रक थांबला होता. दादांनी रेल्वे कधी पाहिली नव्हती. 'जरा गाडी बघून येतो' म्हणून खाली उतरले. माणसं सांगत, मालगाडी लई लांब होती, ती जाईस्तोवर तो फाटकापाशी उभा होता. फाटक उघडलं तेव्हा नव्हता. हाका मारल्या, थांबले, शोधलं. चुलते नंतर जाऊन रुळाच्या कडेकडेनं दोन्ही बाजूंना फिरून आले. काही सापडलं नाही. वाईट वार्तासुद्धा नाही.

मायनं यातून तिच्यापुरता अर्थ काढला. "त्यो गाडीत बसला," ती म्हणायची. "गाडी आपल्याकडं येतच न्हाई, मग उतरंल कुठं?" पहिल्यांदा लोकांनी समजावलं, मग सोडून दिलं. कुंकू तिनं पुसलं नाही. हळदीकुंकवाला गेली की बायकांची पंचाईत व्हायची, ओटी भरावी की न भरावी. कुणी भरायची, कुणी दुसरीकडे बघायची. हळूहळू तीच जायची थांबली.

आमचा खुंटा बनात राहिला तो राहिलाच. आमच्या जात्यावर एक पोतं टाकलेलं असायचं. डाळ भरडायला माय शेजारी जायची. मला स्थळं यायला लागली तेव्हा माय म्हणाली, हळद कशावर दळायची? बाप आल्यावर बघू. मी भांडले. शेजारच्या जात्यावर दळ म्हटलं, बाजारातली पुडी आण म्हटलं. मायनं ऐकून घेतलं आणि शेळीला पाणी दाखवायला निघून गेली. पुढं स्थळं यायचीही थांबली. आता त्याचं दुःख करण्याचं वय राहिलं नाही, पण तेव्हा मी दादांवर इतकी चिडलेली असे की ते खरंच आले असते तर मीच त्यांना परत फाटकावर नेऊन सोडलं असतं.

मला गावातल्या सहकारी दूध सोसायटीत काम मिळालं. दूध मोजायचं, फॅट बघायचं, कॅन गाडीत चढवायचे. दिवाळीनंतर गाव रिकामं झालं की कामही रिकामं. दारांना कुलपं, कुलपांपुढे आडव्या टाकलेल्या काटेरी फांद्या. गल्लीत चाललं की आपल्याच चपलेचा आवाज येई. उरायची ती म्हातारी माणसं, त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडं, गुरुजी, माय आणि मी. सकाळी अर्धा कॅनसुद्धा भरायचा नाही, पण गाडीवाला यायचा, मी तो चढवायची आणि उरलेला दिवस खुर्चीत बसून काढायची. संध्याकाळी माय बनात दिवा लावायला जायची. खोबणीतल्या सगळ्या खुंट्यांकडे एकदा बघायची, आपल्या खुंट्याकडे जरा जास्त वेळ. मी लांबून बघायची. पाठमोरी माय आणि ते झाड, आणि त्या दोघांमध्ये मला जागा नाही असं मला दर वेळी वाटायचं.

मग पुन्हा मोठा दुष्काळ पडला तेव्हा सोसायटीनं बनाच्या कडेलाच चारा छावणी उघडली, झऱ्याच्या पाण्याच्या आशेनं. जनावरांच्या फासळ्या दिसत होत्या. चाऱ्याची गाडी एक दिवस यायची, दोन दिवस नाही. आणि चार पावलांवर ते हिरवंगार बन. गायी दावं ताणून तिकडे मान करायच्या. माणसं गायींची मान फिरवून बसायची. एकाची दुभती गाय छावणीतच बसली ती उठली नाही; तिच्या तोंडासमोर भोकराची फांदी वाऱ्यावर हलत होती आणि तो मालक तिच्याकडे बघत बसला होता. त्यानं पान तोडलं नाही. हे शहाणपण होतं की वेडेपणा, मला अजून ठरवता येत नाही. पण माझ्या गावाबद्दल मला कशाचा अभिमान असेल तर त्याचाच आहे.

पुढे रेल्वेची मोजणी आली. लाल रंगाचे दगड शिवारातून ठोकत ठोकत माणसं सरळ बनापाशी आली. भूसंपादनाचे साहेब पंचनाम्याला आले तेव्हा सगळं गाव त्यांच्यामागे. ज्याच्या रानातून लाइन जाते तो आपली झाडं मोजून देत होता. खुरट्या आंब्याचा कलमी आंबा झाला, आटलेल्या विहिरीला पाणी लागलं. एकानं बांधावरच्या एरंडावरही हक्क सांगितला. साहेब हसले आणि म्हणाले, एरंडाचं राहू द्या.

गुरुजींनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं होतं की बनाचं विचारतील तेव्हा देवाचं म्हणू नका, गावाचं म्हणा. गावाचं म्हटलं तर हरकत घेता येईल, लाइन थोडी खालून न्या म्हणता येईल. लोकांनी मान हलवली होती. बनापाशी आल्यावर साहेबांनी विचारलं, हे कुणाचं? वहिवाट कुणाची? आणि सगळं गाव एक पाऊल मागं सरकलं. एरंडासाठी भांडणारा सगळ्यात मागं.

मी सोसायटीच्या वतीनं उभी होते. मी म्हटलं, साहेब, गावाचं लिहा. तेवढ्यात मायनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि गावातला सगळ्यात मोठा जमीनदार म्हातारा पुढं झाला.

"पोरी, बनाला धनी लावू नको," तो मला म्हणाला. मग साहेबांकडे वळला. "देवीचं हाय, साहेब. आमचं त्यात काय बी न्हाई."

साहेबांनी विचारलं, देवीचा ट्रस्ट आहे का, पुजारी आहे का, एखादा कागद? नव्हतं काहीच. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, नीट विचार करून सांगा म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण आमचं गाव त्या दिवशी जितकं खरं बोललं तितकं आयुष्यात बोललं नसेल. कुणाचाच हक्क नाही, पडीक, असं लिहून ते पुढच्या गावाला गेले. गुरुजी त्या संध्याकाळी बनाकडे फिरायला आले नाहीत.

घरी आल्यावर मी मायला म्हटलं, तुझाच खुंटा आहे ना तिथं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, रूळ आल्याबिगर तुझा बाप येणार कसा? आणि थोड्या वेळानं म्हणाली, देवी तिचं तिला राखंल. दोन्ही गोष्टी तिला एकदमच हव्या होत्या, आणि दोन्ही मिळतील असं तिला खरंच वाटत होतं.

तोड सुरू झाली ती गाव उसाला गेल्यावर. कुणी मुद्दाम ती वेळ साधली असं मी म्हणणार नाही. कामाची पाळी आली आणि यंत्रं आली. पहिल्या दिवशी अंजनाची झाडं पडली. करवतीचा आवाज सोसायटीपर्यंत यायचा, तो मधेच थांबायचा आणि मग जमीन हादरायची. माकडं घरांच्या पत्र्यांवर येऊन बसली, हाकलली तरी हलेनात. घुबडं भरदुपारी विजेच्या तारांवर दिसायला लागली. मी दूध मोजायला बसले आणि माझं मोजमाप चुकलं, जे कधी चुकत नसे.

वडाची पाळी आली तेव्हा ठेकेदाराचा माणूस गावात आला. तरुण होता, लातूरकडचा. झाडात लाकडाचे खुंटे आहेत, माझी माणसं हात लावायला तयार नाहीत, ज्याचे असतील त्यांनी दुपारपर्यंत काढून घ्या म्हणाला. आम्ही उरलेले सगळे गोळा झालो. ज्यांचे खुंटे होते ते सगळे उसाच्या फडात, पार तिकडे खाली. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्याचा खुंटा काढायचा म्हणजे त्याचं घर मोडायचं. गुरुजी म्हणाले, मी काढतो, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्यांचेही हात पुढे होईनात.

माय उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "माझ्या घरात मोडायचं काय राहिलंय? मीच काढते."

तिनं एकेक खुंटा काढला. कुणाचा कुठला हे तिला रोजच्या बघण्यानं पाठ होतं. काढताना त्या त्या घराचं नाव घ्यायची आणि माझ्या ओंजळीत द्यायची, मी पोत्यात ठेवायची. शेवटी एकच राहिला, काळा पडलेला, आत खोल गेलेला. वडानं त्याच्याभोवती साल वाढवून त्याला निम्मा गिळला होता.

मी म्हटलं, "आता आपला. आपण दोघी हाओत की, दोघी मिळून वढू."

"तू ठेवला हुतास का?" माय म्हणाली. "ज्यानं ठेवला त्याचा हात लागंल तवाच."

मला रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो, एका गोधडीत थंडी काढली, आणि घरात दुसरा माणूस मोजायचा म्हटला की तो रुळापलीकडचाच. मी पोतं उचललं आणि घरी निघून आले. वड पडल्याचा आवाज मी घरात बसून ऐकला. माय तिथंच होती. परत आली तेव्हा तिच्या केसांत लाकडाचा भुसा होता, तो तिनं झटकलाही नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडाला गाव परत आलं. बनाच्या जागी मधोमध खोल चर आणि त्यात मुरूम. जोड्या आमच्या दारात यायच्या, माय त्यांचा खुंटा द्यायची, दोघांनाही हात लावायला सांगायची. कुणी तिला बोललं नाही. एकीनं तर तिच्या पाया पडून घेतलं. सगळे खुंटे वाटून झाले आणि मायनं पोतं झटकून घडी करून ठेवलं.

रेल्वेनं बनाचा मधला पट्टा घेतला होता, दोन्ही कडा उरल्या होत्या. त्या उरल्या असं आम्हाला वाटलं. पण झरा पहिल्याच वर्षी आटला. कडेच्या झाडांच्या मुळ्या उघड्या पडल्या, शेंडे वाळायला लागले. एक दिवस कुणाच्या तरी शेळ्या आत दिसल्या. मग कुणी वाळकी फांदी नेली, मग ओली. इतकी मोठी तोड झाली आणि देवी कुणाला काही बोलली नाही, हे सगळ्यांनी बघितलं होतं. छावणीत गाय मेली तरी ज्यानं पान तोडलं नव्हतं, त्याच्या अंगणात मी धावड्याचे वासे पाहिले. रेल्वेनं नेलं ते निम्मं, बाकीचं आम्ही नेलं.

दिवा लावायला माय जात राहिली. दिवा कशापुढं लावायची कोण जाणे. धोंडा मुरमाखाली गेला होता.

शेवटी गाडी आली. आष्टीच्या स्टेशनावर हारतुरे, बँड, भाषणं सगळं झालं. मायला गर्दी नको होती. ती म्हणाली, पहिल्या दिवशी कोण कुणाला दिसंल? म्हणून थोड्या दिवसांनी आम्ही दोघी गेलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. माझ्या मनात काय काय होतं ते सांगता यायचं नाही. ती वेडी आहे हे मला माहीत होतं, आणि तरी गाडी दिसल्यावर मीही टाचा उंचावून दारांकडे बघायला लागले.

दारं उघडली. माणसं फारशी नव्हतीच. पिशव्या घेतलेल्या बायका, दोन कॉलेजची मुलं, एक पोलीस, एक म्हातारा. माय त्या म्हाताऱ्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. त्यानं तिला वाट दिली आणि निघून गेला. मग ती एकेक डब्यात खिडकीतून डोकावत शेवटपर्यंत चालत गेली. तिथं एक रेल्वेचा माणूस होता, त्याला तिनं विचारलं, आणखी माणसं हाईत का आत? तो म्हणाला, नाही मावशी, उतरली सगळी. गाडी इथंच संपते.

ती बाकावर बसली. मी शेजारी. गाडी परत निघून जाईपर्यंत आम्ही तिथंच होतो. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं. गाडी नजरेआड झाली तेव्हा ती म्हणाली, "लई उशीर केला गाडीनं."

येताना तिनं सुताराच्या दारात थांबायला सांगितलं. जात्याचा खुंटा पायजे म्हणाली. सुतारानं माझ्याकडे बघितलं, मी मायकडे. त्यानं आतून एक ओंडका आणला आणि हळू आवाजात म्हणाला, बनातला धावडा आहे, पिढ्या जातील पण हलणार नाही. मायनं त्याला हात लावला नाही. बनातलं नको, बाभळीचा कर म्हणाली. बन राहिलं नव्हतं, तिच्यापुरता नियम राहिला होता. किती लांब करू, त्यानं विचारलं.

"दोन मुठी बसतील येवढा," माय म्हणाली.

घरापर्यंत मी तिच्या चार पावलं पुढंच चालले. सगळी गाडी रिकामी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही हिला खुंट्यावर दादांच्या मुठीला जागा हवीच, याचा मला संताप आला होता. रात्री आम्ही आपापलं ताट घेऊन दोन कोपऱ्यांत जेवलो.

खुंटा आला त्या दिवशी सोसायटीतून घरी येऊन बघते तर जात्यावरचं पोतं काढलेलं. मायनं जातं पुसलं होतं, खुंटा ठोकून बसवला होता, सुपात तूर काढून ठेवली होती. ती एका बाजूला पाय पसरून बसली होती आणि समोरची जागा तिनं झाडून घेतली होती.

"बस," ती म्हणाली.

"ती जागा कुणाची हाय?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

तिनं वर बघितलं नाही. जात्याच्या तोंडात मूठभर तूर टाकली. "तुझी," म्हणाली. "येवढी वर्सं दुसरं कोण हुतं घरात?"

मी बसले. मला जात्यावर बसायची सवय नव्हती. आयुष्यात आमच्या जात्याला मी हातच लावला नव्हता. नवं लाकूड तळव्याला टोचत होतं. डोळ्यांतलं पाणी तुरीत पडेल म्हणून मी मान फिरवली आणि जोरानं एक फेरा दिला.

"हळू वढ," माय म्हणाली. "मला बी धरू दे."